कर्मणी प्रयोग

थेरगाव, ८ मार्च २०२५

प्रिय दिव्या,

तुझ्या नावाआधी काय लावायचं यावर बराच वेळ गेला. ‘चि.’ लिहिलं तर मी मोठेपणा घेतल्यासारखं दिसतं, ‘कु.’ लिहिलं तर हजेरी घेतल्यासारखं. शेवटी ‘प्रिय’ लिहिलं. ते तरी खोटं नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर एकच खूण उमटते, दुसरी येत नाही. आमच्या धनेशने बघितलं आणि म्हणाला, “आई, तुला ब्लॉक केलंय.” मी म्हटलं, “चाकणला नेटवर्क नसेल.” तो म्हणाला, “चाकणला सगळ्या जगाचं नेटवर्क आहे.” लेकाशी यापुढे वाद घातला नाही. म्हणून हे कागदावर. पोस्टमनला कुणी ब्लॉक केल्याचं अजून ऐकलेलं नाही.

आधी चांगली बातमी. सायली बरी आहे, वर्गात येऊ लागली आहे. दम्याचा पंप आता दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात असतो, आणि दवाखान्यात ऑक्सिजनवर राहून आल्यामुळे नववी ब मध्ये तिचा भाव वधारला आहे. काल तिने विचारलं, “दिव्या मॅडम कधी येणार?” मी तिला समास सोडवायला दिला.

प्रयोगशाळेला कुलूप आहे. जाता-येता जाळीतून दिसतं, फळ्यावर तुझं अक्षर तसंच आहे: ‘संहती वाढली की अभिक्रियेचा दर वाढतो.’ तू मला तो प्रयोग डबा खाताना समजावला होतास. कागदावर पेनाने ठसठशीत फुली काढायची, तिच्यावर काचेचा चंबू ठेवायचा. चंबूत हायपोचं, म्हणजे एका पांढऱ्या क्षाराचं पाणी, वरून थोडं विरल आम्ल. पाणी हळूहळू गढूळ होत जातं आणि वरून बघणाऱ्याला खालची फुली दिसेनाशी होते. हायपो जितका दाट, तितकी फुली लवकर जाते. पाणी घालत गेलं की वेळ लागतो. “म्हणजे एका खोलीत दहा माणसं राहिली की भांडण लवकर लागतं, तसं,” मी म्हणाले होते. तू म्हणालीस, “बाई, तुम्ही विज्ञान शिकवायला हवं होतं.” ते मी जरा जास्तच मनावर घेतलं.

विज्ञान दिनाला जे झालं ते व्हायला नको होतं. बाटल्या टेबलावर मांडल्या गेल्या. तू यायच्या आत सुरुवात केली गेली. बाहेरच्या खोदकामाची धूळ येते म्हणून खिडक्या बंद ठेवल्या गेल्या होत्या. विरल आम्लाच्या जागी दाट आम्ल ओतलं गेलं. मग चौकशी झाली, जबाबदारी निश्चित करण्यात आली, आणि तुझी तासिका तत्त्वावरची नेमणूक संपवण्यात आली. सगळं फार घाईत झालं.

तुझ्या अनुभवाच्या दाखल्यात ‘प्रयोगशाळेतील निष्काळजीपणामुळे सेवा समाप्त’ अशी ओळ घातली आहे, हे कार्यालयातून कळलं. वाकडच्या शाळेत तुझं कायमच्या जागेवर जवळजवळ ठरलं होतं आणि आता ते त्या दाखल्यासाठी अडून बसलेत, हेही कळलं. मुख्याध्यापकांशी, म्हणजे आपल्या दिग्विजय सरांशी, योग्य वेळी बोलावं असं मनात आहे. सध्याची वेळ नाजूक आहे. जूनपासून पर्यवेक्षकाच्या जागेसाठी माझं नाव घेतलं जातंय.

काळजी घे. डबा खायला आता एकटीच असते. तुझ्या आईची लसणाची चटणी नसल्यामुळे माझी भाजी किती बेचव असते ते मला या वयात कळतंय.

तुझी,
कुसुम
(संस्कृतच्या बाई)


थेरगाव, २४ मार्च

दिव्या,

काल मी तुमच्या घरी येऊन गेले. आईंनी सांगितलं असेलच.

नाशिक फाट्यावरून बस पकडली. घर शोधायला त्रास झाला नाही. तू लहानपणी जिथे भुईमूग उपटायचीस म्हणायचीस तिथे आता ट्रेलर उभे असतात. ‘ट्रेलरच्या मागचं घर’ म्हटल्यावर पहिल्याच माणसाने बोट दाखवलं.

पुतळाबाई दारातच होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “या बाई. तुमी संस्कृतच्या न्हवं?”

“कशावरून ओळखलंत?”

“चपला बघा की. एका रेघंत काढल्या तुमी. दिव्या सांगती ना.”

तू घरी नव्हतीस, हे कळल्यावर मला आधी सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिणं बरं नाही, पण वाटलं खरं.

“शिफ्टला गेली,” त्या म्हणाल्या. “बोल्टाच्या कंपनीत. गंज काढाया बोल्ट ॲसिडात बुडवत्यात, तर ते ॲसिड किती कडक हाय ते ही बघती. कडक झालं तर लोखंड बी खातंय, पातळ झालं तर दिसभर ठिवा, गंज जात न्हाई, असं कायबाय सांगती. केसांना वास येतोय तिच्या. म्हनलं, मास्तरीण होतीस ते बरं होतं.”

मी विचारलं, “शाळा का सोडली ते सांगितलं का तिने?”

“म्हनली, चूक झाली. कुनाची इचारलं, तर म्हनली, झाली.” त्यांनी चहा ओतला. “तुमचं नाव लई घेती पन. शाळंत तासावरच्या मास्तरांना कोन बसा बी म्हनत न्हाई, एक संस्कृतच्या बाई तेवढ्या आपला डबा म्होरं करायच्या, म्हनती.”

मी चहा प्याले. “अजून घ्या,” म्हणाल्या, तर अजून घेतला. कप तोंडाशी असला की बोलावं लागत नाही.

निघताना त्यांनी कांद्यांची पिशवी भरून दिली. नको म्हणायला हवं होतं. म्हणालेही, पण आपण संक्रांतीच्या वाणाला ‘नको’ म्हणतो तसं. बसमध्ये पिशवी मांडीवर होती. शेजारची बाई कौतुकाने म्हणाली, “माहेराहून वाटतं?” मी मान हलवली. कुठल्या दिशेला हलवली ते मलाही कळलं नाही.

कांदे स्वयंपाकघराच्या खिडकीत आहेत. मी एकही चिरलेला नाही. धनेश विचारतो, “आई, हे शोभेचे आहेत का?”

तू घरी काही सांगितलेलं नाहीस. का सांगितलं नाहीस, हे मी बसमध्ये चाकणपासून भोसरीपर्यंत स्वतःला विचारत होते. भोसरीला गर्दी चढली आणि मी विचारायचं थांबवलं.

बाटल्यांवरची नवी लेबलं माझ्या अक्षरातली होती. हे तुला माहीत आहे. तेवढं आज लिहिते.

कुसुम


थेरगाव, ६ एप्रिल

दिव्या,

माझ्या पहिल्या पत्रातली क्रियापदं आठव. मांडल्या गेल्या. केली गेली. ओतलं गेलं. निश्चित करण्यात आली. नववीच्या मराठीच्या पेपरात कुणी असं लिहिलं की मी समासात ‘कर्ता कुठे?’ लिहून अर्धा गुण कापते. तुला लिहिताना मी अख्खं पान तसं लिहिलं आणि खाली ‘तुझी’ म्हणून सही केली. आता पुन्हा लिहिते, कर्त्यासकट.

सत्तावीस फेब्रुवारी. मराठी भाषा गौरव दिन. दिग्विजय सरांनी फर्मान काढलं की शाळेत एकही इंग्रजी पाटी दिसता कामा नये. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला ते आवडलं. मी तुझ्याकडे प्रयोगशाळेच्या किल्ल्यांचा जुडगा मागितला. तू म्हणालीस, “बाई, ॲसिडच्या बाटल्या राहू द्या. आणि हात लावलातच तर पुस्तकातलेच शब्द लिहा, संहत आणि विरल. पोरांना तेच माहीत आहेत.”

मी म्हणाले, “अगं, संहत म्हटलं की मला त्यात ‘हत’ ऐकू येतं, कुणी गेल्यासारखं. आणि विरल म्हणजे क्वचित सापडणारं. तुमचं शास्त्र चांगलं, पण शब्द बेतास बात.” तू हसलीस. तुला बस गाठायची होती.

तू गेल्यावर मी तुझी इंग्रजी लेबलं ओल्या फडक्याने काढली आणि माझी चिकटवली. दाट आम्लावर ‘सांद्र’, पातळ आम्लावर ‘तनु’. मूळचे संस्कृत शब्द, ऐकायला गोड. ‘तनु’चा उकार मी मुद्दाम ऱ्हस्व काढला. मराठीत शेवटचा उकार दीर्घ लिहितात हा नियम मी पंचवीस वर्षं शिकवते आहे, पण मूळ शब्दाचा मान राखावा असं वाटलं. मग बाटल्या कपाटात परत जायला हव्या होत्या. पण कपाटात माझं अक्षर कोण बघणार? मी सगळ्या बाटल्या टेबलावर ओळीने मांडल्या. जी बाटली तू कधीही कुलपाबाहेर ठेवत नाहीस, तीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. तू पलीकडच्या इमारतीतला तास संपवून येईपर्यंत नववी ब सांभाळायला मी बसले, लाल पेन आणि पेपरांचा गठ्ठा घेऊन. तू मुलांना आधीच सांगून ठेवलं होतंस: फुल्या काढा, पाच चंबूंत कमी-जास्त दाट हायपो भरून ठेवा, आणि विरल आम्ल मोजून बाजूला घ्या.

मुलांनी टेबलावर बघितलं. ‘विरल’ कुठेच नाही. एका बाटलीवर ‘सांद्र’, एकीवर ‘तनु’. आणि वर्गात कोण आहे? तनुजा, जिला सगळी शाळा तनू म्हणते, आणि जी प्रदर्शनासाठी वेगळा प्रकल्प करत होती. मुलांनी ठरवलं, ही तनूची बाटली. तिच्या प्रकल्पाची. तिला हात लावायचा नाही. आणि ‘सांद्र’ हे कंपनीचं नाव असणार. त्यांचे आईबाप कंपनीत, काका कंपनीत, घरासमोर कंपनीची बस थांबते. बाटलीवर कंपनीचं नाव असण्यात त्यांना काही विशेष वाटलं नाही.

त्या ऱ्हस्व उकाराचं काय, असं मी नंतर वर्गाच्या मॉनिटरला, करिष्माला, विचारलं. ती म्हणाली, “बाई, आम्हाला वाटलं तुमची चूक झाली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही.”

आता जे कुणालाच माहीत नाही ते. सुरुवात करण्याआधी याच करिष्माने मला टेबलाजवळून विचारलं होतं, “बाई, तनूची बाटली बाजूला ठेवू का?”

तोंडाने बोलताना उकार ऱ्हस्व की दीर्घ ते कुणाला कळतं? मला ऐकू आलं, पातळ आम्लाची बाटली. वाटलं, पोरगी ती वापरायला वेगळी काढते आहे. वाटलं, निदान एकीने माझा शब्द उचलला. बरं वाटलं मला. मान वर न करता म्हणाले, “ठेव, बाळ.” मग आणखी कुणीतरी विचारलं, “सुरू करू का?” मी म्हणाले, “करा.”

बूच काढल्याबरोबर बाटलीच्या तोंडाशी धूर आला. मग फटाक्यांसारखा वास. पाचही फुल्या बघता बघता गेल्या. दाट काय नि पातळ काय, बघायला वेळच उरला नाही. मुलं आधी हसली. सायली खोकायला लागली तेव्हा तू दारात पोहोचलीस. खिडक्या तू उघडल्यास. मुलं तू बाहेर काढलीस. सायलीला उचलून रिक्षात तू घातलंस, आणि करिष्माला बरोबर घेतलंस. मी लाल पेनाचं टोपण शोधत होते. खरंच सांगते. शाई वाळेल म्हणून. ते सापडेपर्यंत मी जागची हलले नाही.

चौकशीत दिग्विजय सरांनी विचारलं, “दाट ॲसिड टेबलावर आलं कसं?” तू म्हणालीस, “मी काढलं नाही, सर.” आणि माझ्याकडे बघितलंस. एकदाच. सगळे माझ्याकडे वळले तेव्हा मी म्हणाले, “बाटल्यांवर काय आहे ते स्वच्छ लिहिलेलं होतं.”

निर्दोष वाक्य आहे. एक अक्षर खोटं नाही त्यात. तेवढ्यावर सरांनी कागद पुढे ओढला. तू पुन्हा माझ्याकडे बघितलं नाहीस, आणि माझं नावही घेतलं नाहीस.

तर कर्ता मी. मी बाटली टेबलावर ठेवली. गंमत बघ, मराठीत ‘मी बाटली ठेवली’ हाही कर्मणी प्रयोगच. क्रियापद बाटलीच्या तालावर चालतं, माझ्या नाही. माझ्या जागी कुणी पुरुष असता तरी ‘ठेवली’च राहिलं असतं. भाषासुद्धा आपली सोय बघते. पण निदान ‘मी’ त्या वाक्यात उभी आहे, आणि तिथून मला ती हलवायची नाही.

कुसुम


थेरगाव, ३ मे

दिव्या,

तुझं पोस्टकार्ड एप्रिलच्या मध्यावर मिळालं. तू मुद्दाम कार्डच निवडलंस, हे मी ओळखलं. पोस्टमनने वाचलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वाचलं, मग मी वाचलं.

‘बाई, हे सगळं मला माहीत होतं. करिष्माने रिक्षातच सांगितलं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. मला सांगून तुम्ही नुसतं पाणी घालताय.’

खाली नाव नव्हतं. लागत नव्हतंच. चार वाक्यांत मला दोनदा तुझ्याकडून रसायनशास्त्र शिकावं लागलं, कारण पहिल्यांदा वाचल्यावर मला फक्त राग आला होता. मी एवढं लिहिलं आणि ही एवढंच लिहिते, असा. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की माझी तिन्ही पत्रं म्हणजे एकच कबुली होती, सोसवेल इतकी पातळ करून अशा एकीला दिलेली, जिला ती द्यायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. बसा म्हणाले. मी उभ्यानेच सांगितलं, नाहीतर चहा आला असता.

सगळं ऐकून ते म्हणाले, “कुसुमताई, मिटलंय आता. कशाला ढवळताय?”

“खाली बसलंय सर. मिटलेलं नाही.”

“संस्थेला मी काय सांगू? तुमची शिफारस माझ्याच सहीने गेलीय.”

“माघारी मागवा.”

“अहो, पण ती मुलगी तासावरची होती. आज ना उद्या जाणारच होती.”

“तासावरची होती म्हणूनच इतक्या चटकन गेली, सर. तिच्या जागी मी असते तर अजून दुसरी बैठकही झाली नसती.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “पालकांना कळलं तर?”

“एक मेला निकाल घ्यायला येणारच आहेत. मी सांगते.”

“नका सांगू असं म्हणून काही उपयोग आहे का?”

“नाही.”

परवा झेंडावंदन झालं, निकालपत्रकं वाटली, आणि नववी ब च्या पालकांना मी थांबायला सांगितलं. बाकांवर बसलेले सगळे मोठे, गुडघे बाकात मावत नव्हते. मी सांगितलं. तुला लिहिलं होतं तेच, पण विनोद वगळून. विनोद वगळल्यावर फार थोडं उरतं. दोन-चार वाक्यंच.

सायलीची आई, पुनम, कंपनीच्या गणवेशात होती. तिला तिथूनच शिफ्टला जायचं होतं. ती उठून उभी राहिली.

“म्हणजे त्या मॅडमनी काहीच केलं नव्हतं?”

“नाही. मी केलं.”

“मग मी त्यांना शिव्या घातल्या त्याचं काय? शाळेच्या गेटवर उभं राहून घातल्या. माझ्या पोरीला त्यांनी मांडीवर घेऊन नेलं, आणि मी त्यांचं सगळं खानदान काढलं.” मग हळू आवाजात म्हणाली, “बाई, तुम्ही तेव्हा गेटवरच होता ना? माझ्या बाजूला उभ्या होता. मला पाणी दिलं होतं तुम्ही.”

दिलं होतं. हे मी कुठल्याच पत्रात लिहिलं नव्हतं, दिव्या. तू मान खाली घालून गेटमधून बाहेर पडत होतीस, आणि मी तुला शिव्या देणाऱ्या बाईला पाण्याची बाटली उघडून देत होते. तिचा घसा कोरडा पडला होता.

मी म्हणाले, “होते.”

पुनम खाली बसली. रडली नाही. घड्याळ बघितलं आणि पुन्हा उठली. जाताना म्हणाली, “त्यांचा नंबर द्या मला. माझं मी बघते.” मी दिला. न विचारता दिला, त्याबद्दलही तुझी माफी मागायची राहिली आहे.

तनूचे वडील, सोनबा, शेवटपर्यंत थांबले होते. म्हणाले, “बाई, आमच्या पोरीला पोरं बाटली म्हणून हाक मारतात. तुझ्या बाटलीनं झालं म्हणतात. ती प्रदर्शनाला बी गेली नाही. आम्हाला वाटलं, हिनंच काहीतरी केलं असणार.” मग म्हणाले, “मी मारली तिला, बाई.”

पंचवीस वर्षांचं सगळं व्याकरण मी घरी ठेवून आले होते.

दाखला सोबत आहे. त्यात ती ओळ नाही. सरांनी तारीख जुनीच घातली आणि सही जरा जोरात केली, कागद फाटायचा राहिला. वाकडची जागा एप्रिलमध्येच भरली, हे मला काल कळलं. म्हणजे दाखला खरा आहे, आणि उपयोगाचा नाही. पुढे कधी होईल, असं मी लिहिणार होते. खोडलं.

पर्यवेक्षक म्हणून खेळाच्या सरांचं नाव गेलंय. मला लेखी समज मिळाली. तीत ‘निष्काळजीपणा’ हा शब्द आहे, वेलांट्या बरोबर आहेत.

कांदे चिरायला काढले. बऱ्याच कांद्यांना कोंब आले होते. उरलेले खाल्ले.

कुसुम


थेरगाव, २० जून

दिव्या,

काल दुपारी फोन वाजला. तुझा मेसेज. ‘टाक्यांवर पाट्या लावायच्या आहेत. निम्मी माणसं हिंदीत शिकलेली, निम्मी मराठीत. काय लिहू?’ वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. मी ‘मिळाला’ एवढंच लिहून पाठवलं. दोन खुणा आल्या. धनेशला बोलावून दाखवल्या. तो म्हणाला, “आई, दोन खुणा सगळ्यांनाच येतात.” त्याला काय कळतंय.

उत्तर फोनवरही देता आलं असतं. पण त्यावर मला सावकाश लिहिणं जमत नाही, आणि हे सावकाश लिहायचं आहे.

मेसेज वाचल्यावर मी आधी काय केलं ते सांगते. हिंदीत काय म्हणतात ते शोधलं. हिंदीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत दाट आम्लाला ‘सांद्र’ म्हणतात आणि पातळाला ‘तनु’. अगदी हेच दोन शब्द. म्हणजे माझी लेबलं बरोबर होती, फक्त राज्य चुकलं. हे कळल्यावर संध्याकाळपर्यंत मला फार बरं वाटत होतं. मग भाजी निवडताना, आपल्याला बरं वाटतंय, याची इतकी लाज वाटली की भाजी तशीच टाकून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

म्हणून मी तुला शब्द देत नाही. टाकीजवळ जी माणसं उभी राहतात ती तिला काय म्हणतात ते विचार. तेच लिही. हिंदीवाल्यांचं हिंदीत, आपल्यांचं मराठीत. आणि लिहून झालं की त्यांच्यातल्याच कुणाला तरी मोठ्याने वाचायला लाव, आणि याचा अर्थ काय ते त्याच्याच तोंडून ऐक. तुझ्या आईने ‘कडक’ आणि ‘पातळ’ म्हटलं होतं. दोन कप चहा पिऊनही ते मला ऐकू आलं नव्हतं.

शाळा सुरू झाली. विज्ञानाला नवे सर आलेत. तेही तासावर. मी त्यांना पहिल्याच दिवशी बसा म्हटलं. नववी ब आता दहावी ब झाली आहे आणि त्यांच्या पुस्तकात तोच धडा आहे, म्हणून सरांना म्हटलं, तो प्रयोग करा, पण व्हरांड्यात, उघड्यावर. सायली लांब बसली, वारा तिच्याकडून आमच्याकडे येईल अशी. तिची जागा तिनेच ठरवली.

पातळ आम्लाच्या बाटलीवर लेबल लावायचं होतं. मी चिठ्ठी आणि पेन तनूपुढे ठेवलं. तिने माझ्याकडे बघत पेनाचं टोपण काढलं. मग तिने लिहिलं: ‘विरल आम्ल. तनूची नाही.’ मुलं हसली. पहिल्यांदा तिच्याबरोबर हसली. मी उकार तपासला. दीर्घ होता.

पाच फुल्या, पाच चंबू. पहिल्या चंबूत हायपो दाट होता, ती फुली लवकर गेली. मग दुसरी. तिसरी रेंगाळली. मुलं वेळ लिहून घेत होती. शेवटच्या चंबूत हायपो नावालाच, बाकी सगळं पाणी. त्याच्याजवळ मी बसले होते. घंटा झाली तरी फुली दिसत होती, जरा धुरकट, पण फुलीच.

सर म्हणाले, “बाई, हा सोडून द्या, फार पातळ झालाय.”

तनू म्हणाली, “सर, होतंय. वेळ लागतो फक्त.”

आम्ही दोघी थांबलो. फुली गेली शेवटी. गेली तेव्हा तनूने मला कोपराने ढोसलं आणि मग आपण बाईंना ढोसलं हे लक्षात येऊन पळाली.

दाट आम्लाची बाटली टेबलावर नव्हती. तरी मी रोज जाऊन बघते. मी कपाट उघडते, बाटली मोजते, कुलूप लावते, किल्ली सरांच्या हातात देते. हा कर्तरी प्रयोग. वर्तमानकाळात जमतो.

तू लिहिलं होतंस, ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. दिग्विजय सर झाले, पालक झाले, धनेशलाही सांगितलं. त्या दिवशी त्याने उगाच माझ्या ताटात पोळी स्वतः वाढली. एकच जण उरलं आहे, ज्यांना अजून वाटतं की शाळेत संस्कृतच्या बाईच काय त्या चांगल्या होत्या. त्यांची कांद्यांची पिशवी धुऊन ठेवली आहे.

रविवारी ती परत करायला येते. तू शिफ्टला असलीस तरी चालेल, मला त्यांच्याशीच बोलायचं आहे. आईंना एवढंच सांगून ठेव, मी आल्यावर लगेच चहा ठेवू नका म्हणावं. आधी ऐकून घ्या, आणि मग ठेवावासा वाटला तर ठेवा.

कुसुम